डावीकडे विहीर

चाकणच्या कारखान्यात दोन वर्षं
गिअरचे दात मोजायला शिकवलं एत्तोरेनं मला
आणि जाताना, तपासणी-अहवालाच्या पाठीवर
काढून दिला आपल्या गावाचा नकाशा:
डोंगरावर गाव, गावाला कोट, कोटाला एकच वेस.
"एमांगी," त्याच्या जिभेला 'ह' नव्हताच,
"शनिवारी दुपारी ये, रविवारी दुपारी जा.
जास्त राहिलीस तर माझी मावशी तुझं लग्न ठरवेल."

हसले.
माझं लग्न झालेलं होतं,
मोडायचंही ठरलेलं होतं.
हे कुठल्या अहवालात नव्हतं.

पासपोर्ट काढला. त्याची दहा वर्षं
कपाटात, कोऱ्या पानांसकट, संपली.

मग या मार्गशीर्षात एका शनिवारी
वाकडेवाडीहून जुन्नरची एसटी धरली,
पर्समध्ये चार घड्या घातलेला तो कागद.
डोंगर आहे, वेस आहे,
आणखी काय लागतं?
चाकणला कारखान्याचं गेट मागे पडलं,
पाळीवर निघालेल्या नव्या मुली, माझ्याच रंगाचे ॲप्रन.
नारायणगावला टोमॅटोचे क्रेट.
तो म्हणायचा, आईच्या सॉसपुढे तुमचं सार म्हणजे गरम पाणी.
मी म्हणायचे, कढीपत्ता तरी आहे का तुमच्याकडे?

जुन्नरचा स्टँड नकाशात नाही.
तिथे एक सायप्रस उभा.
मी एक अशोक धरला आणि निघाले.
वेशीतून आत, डावीकडे विहीर.
डावीकडे झेरॉक्सचं दुकान.
"इथे विहीर होती का हो?"
मुलगा मशीनचं झाकण न मिटता म्हणाला,
"होती की. आज्जा सांगायचा.
तिच्यावरच उभ्या आहात."
पुढची चार पावलं हलकी टाकली.

चर्चच्या जागी मशीद, तिच्या सावलीत शेळी.
बेकरीच्या जागी बेकरीच,
नानकटाईचा तवा नुकताच बाहेर आलेला.
मुनीर कागदींनी नकाशा दोन बोटांत चोळला:
"हा कसला कागद!
आमचे पणजोबा करायचे तो कागद.
त्यावरचं कर्ज सुद्धा पुसलं जायचं नाही."

बुरुजाच्या जागी नगरपालिकेची टाकी.
मावशीच्या घरी लॉज, खोली सात.
बाईंनी विचारलं, एकट्याच?
एकटीच.
त्यांनी मासवडी वाढली, वर रस्सा ओतला
आणि लग्नाचं काही बोलल्या नाहीत.

रविवारी शिवनेरीच्या कुशीतल्या लेण्यांकडे
वाट दाखवायला आला सुदाम लांडे, बाजार बुडवून.
कागदावर तिथे नुसती फुली होती.
तिथे पाणी पी, एवढंच एत्तोरे म्हणाला होता.
कातळात टाकं. कडेला ब्राह्मी ओळ,
तिरप्या उन्हात जेमतेम दिसणारी.
सुदामला वाचता येत नाही, पाठ आहे:
"कुणा यवनानं दान दिलं म्हणे. समुद्रापलीकडचा."
"इतक्या लांब कशाला आला असेल?"
"तुम्ही कशाला आलात?"

ओंजळ बुडवली.
पाण्याला शेवाळाची चव होती, आणि दात शिवशिवतील इतकी थंडी.

फोटो पाठवला त्याला, टाक्याच्या काठावर कागद धरून.
अकरा दिवसांनी उत्तर:
मावशी गेली. गावात आता एकवीस माणसं.
बेकरी बंद. विहिरीवर जाळी ठोकलीय,
मुलं पडू नयेत म्हणून;
मुलं मात्र नाहीत.

आणि खाली, वेगळ्या ओळीत,
चुकलेल्या मापावर तो लाल खूण करायचा तसं:
"एमांगी, नकाशा गावातून बाहेर पडतानाचा आहे.
मी गाव सोडलं त्या वाटेचा.
आत येताना विहीर उजवीकडे."

वेशीतून आत, उजवीकडे
काय होतं,
आठवत नाही.
येत्या शनिवारी रजा लागत नाही.
एसटी साडेसहाची आहे.